आगंतुकाला चुना

१८८७ च्या ऑगस्टमध्ये एडिंबरा शहरात ग्रॅनी वारली आणि ‘द स्कॉट्समन’ या वर्तमानपत्राने तिच्यावर मृत्युलेख छापला. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. चांगल्या घरातल्या आजीबाई गेल्या की वर्तमानपत्रं दोन शब्द लिहितातच. फक्त ही आजी काचेच्या बरणीत राहत होती आणि तिला पाठीचा कणा नव्हता. ग्रॅनी हे समुद्रफूल होतं. सर जॉन डॅलियल या अभ्यासकाने १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या खडकांवरून तिला घरी आणलं. १८५१ मध्ये डॅलियल गेले, ग्रॅनी राहिली आणि पुढची छत्तीस वर्षं एका विद्वानाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात वारसाहक्काने फिरत राहिली. लोक मुद्दाम तिला बघायला येत. १८५७ साली एका रात्रीत तिने २३० पिल्लं दिली, त्याचं केवढं कौतुक झालं!

आज खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्या कुणाही हौशी माणसाला ही बातमी सांगून पाहावी. ‘एका रात्रीत २३०’ एवढं ऐकूनच तो खुर्ची धरून खाली बसेल आणि पाणी मागेल. साधं, बिनमिठाचं.

खरं तर घरात समुद्र आणायची हौस सुरू झाली तीच समुद्रफुलांपायी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८५३ मध्ये लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि इंग्लंडातला मध्यमवर्ग छिन्नी-हातोडी घेऊन किनाऱ्याकडे धावला. किनाऱ्यांची इतकी लूट झाली, की गॉसच्या मुलाने पुढे ‘फादर अँड सन’ या आत्मचरित्रात त्याबद्दल हळहळ व्यक्त केली. दिवाणखान्यातल्या या पाहुण्याचे गुण तेव्हा घरोघरी सांगितले जात. जागेवर बसून असतो. आवाज नाही, वास नाही. खाणं चुकलं तर आक्रसून लहान होतो, पण मरत नाही. दुखापत झाली तर पुन्हा भरून येतो. एकाचे चार होतात.

हीच गुणांची यादी आजच्या टाकीवाल्याकडे आरोपपत्र म्हणून तयार असते.

आजची टाकी मात्र बरणी राहिलेली नाही. तिला रीफ टँक म्हणतात. मासे त्यात असतात, पण ते शोभेपुरते. खरी मालकी प्रवाळांची. पाण्यात मीठ इतकंच हवं, की विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास राहील. तापमान पंचवीस-सव्वीस अंशांच्या अल्याडपल्याड गेलं की घरात धावपळ. वर निळसर दिवे, आत लाटा करणारे पंप, खाली कपाटात फेस काढून घाण बाहेर टाकणारा स्किमर आणि बाजूला परीक्षानळ्यांची चळत. हा माणूस स्वतःची साखर वर्षातून एकदा तपासतो आणि टाकीतलं कॅल्शियम दर आठवड्याला.

या सगळ्याच्या मध्यभागी असतो खडक. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६०च्या सुमारास दाखवून दिलं, की समुद्रातला जिवंत खडक टाकीत ठेवला तर त्याच्या छिद्राछिद्रांतले जिवाणू पाणी स्वच्छ ठेवायचं निम्मं काम परस्पर करतात. तेव्हापासून ‘लाइव्ह रॉक’ हा या छंदाचा पाया झाला. खडक जिवंत असतो म्हणजे त्यात कुणीतरी राहतं, हे दुकानदार सांगतो. कोण कोण राहतं, हे तो सांगत नाही. त्यालाही ठाऊक नसतं.

(आपल्याकडच्या वाचकांसाठी एक सूचना. मालवणला सुट्टीला गेल्यावर ‘एवढासा तर तुकडा’ म्हणून प्रवाळ पिशवीत टाकू नये. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत वाघ आहे. वाघ पिशवीत घालून आणावा असं सहसा कुणाला वाटत नाही.)

तर खडक येतो, किंवा दगडाच्या चकतीवर चिकटवलेला प्रवाळाचा तुकडा येतो, किंवा पाठीवर शंख घेऊन गोगलगाय येते. आणि काही आठवड्यांनी एका सकाळी कपारीत काहीतरी उगवलेलं दिसतं. टाचणीच्या डोक्याएवढं. तपकिरी, अर्धपारदर्शक, वर नाजूक शुंडकांचं कारंजं.

“अहो, हे बघितलंत का? दगडावर फूल आलंय!”

“आपण आणलं होतं?”

“नाही. आपोआप आलंय.”

“म्हणजे फुकट?”

“फुकट.”

या छंदात फुकट मिळणारी ती पहिली आणि शेवटची वस्तू. टाकीवाला त्याचा फोटो काढतो, मेव्हण्याला पाठवतो, त्याच्यावर दिव्याचा झोत थोडा वाढवतो. हेही एक समुद्रफूलच आणि त्याचं नाव एप्टेशिया आहे, हे कळायला अजून अवकाश असतो.

भिंगातून पाहिलं तर प्राणी देखणा आहे, हे शत्रूनेही मान्य करावं. देठ इतका पातळ, की आतले उभे पडदे मोजता येतील. तपकिरी रंग त्याचा स्वतःचा नव्हेच. तो त्याच्या पेशींमध्ये मुक्कामाला असलेल्या एकपेशीय शैवालांचा. ही शैवालं उजेडावर साखर तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. म्हणजे प्रवाळांसाठी म्हणून जे महागडे दिवे दिवसभर जळतात, त्यांच्यावर हा गृहस्थही जेवतो. शिवाय माशांना टाकलेलं खाणं वाहत आलं तर शुंडकांनी पकडून तेही खातो. उजेड असला तर शाकाहार, घास आला तर मांसाहार. पथ्य कसलंच नाही.

आता त्याला बोट लावून पाहावं. लावण्याआधीच तो जातो. हाताची सावली पडली, पाण्यात जराशी हालचाल झाली, की कारंजं मिटतं, देठ आखडतो आणि सगळा ऐवज छिद्रात गडप होतो. फारच छळलं तर अंगावरच्या बारीक रंध्रांतून आणि तोंडातून पांढरे धागे बाहेर सोडतो. त्या धाग्यांत दंशपेशी ठासून भरलेल्या असतात. शेजारच्या प्रवाळाला ते लागले, की प्रवाळ त्या बाजूने मिटतो, मिटलेला राहतो आणि पुढे मरतो. मग त्या मोकळ्या जागेत कोण राहायला येतं, हे सांगायला नको.

पहिली चूक प्रत्येक जण करतो. चिमट्याने उपटायला जातो. पुराणातल्या रक्तबीजाची अडचण माहीत असलेल्या देशात तरी ही चूक होऊ नये, पण होते. आणि रक्तबीज तसा सोपा होता. त्याच्यापासून दुसरा रक्तबीज व्हायला निदान आधी त्याला जखम करावी लागत असे. एप्टेशियाला तेवढीही गरज नाही. तो दगडावरून मुंगीलाही कंटाळा येईल अशा वेगाने सरकतो आणि सरकता सरकता तळव्याच्या कडेचे कण मागे ठेवत जातो. त्या एकेका कणातून आठवड्या-दोन आठवड्यांत नवा, पूर्ण, शुंडकांसकट एप्टेशिया उभा राहतो. नुसता फिरायला गेला तरी वंश वाढतो. अशा प्राण्याला चिमट्याने ओढून तोडणं म्हणजे त्याचं काम स्वतःच्या हाताने करून देणं.

इथून पुढे टाकीवाल्याच्या आयुष्याला दिशा मिळते.

पहिला हल्ला स्वयंपाकघरातून होतो. लिंबाचा रस, व्हिनेगर, उकळतं पाणी. इंजेक्शनची सिरिंज भरायची आणि एप्टेशियाच्या तोंडात रिकामी करायची. तिन्ही उपाय कधी कधी चालतात आणि तिन्ही उपायांत शेजारी सुजाण असावे लागतात. उकळत्या पाण्याचा फवारा एप्टेशियाने गिळला तर ठीक. तो ऐनवेळी मिटला, तर पाणी दोन बोटांवरच्या प्रवाळावर जातं. घरातली मंडळीही मधे येतात. “फ्रिजमध्ये दोन लिंबं होती ना?” या प्रश्नाला “एप्टेशियाला घातली” हे उत्तर पहिल्यांदा हसण्यावारी नेलं जातं, नंतर नाही.

मग कळतं, की या रोगावरचं मान्यवर औषध चुना आहे.

हे ऐकून मराठी माणसाचा ऊर भरून यावा. पानाला लावतात तोच चुना, रसायनशास्त्राच्या भाषेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड. जर्मनीतल्या प्रवाळप्रेमींनी १९७०च्या दशकापासून चुन्याची निवळी टाकीत थेंबथेंब सोडायची पद्धत रूढ केली. प्रवाळांना सांगाडा बांधायला कॅल्शियम लागतं, ते त्यातून मिळतं. तिला जगभर ‘कालक्वासर’ या जर्मन नावानेच ओळखतात, त्यामुळे तिची किंमतही परदेशी वाटते. तीच चुन्याची भुकटी थोड्या पाण्यात कालवून दाट लगदा केला, की तो एप्टेशियाचा काळ. (टपरीवरची चुन्याची नळी मात्र आणून टाकीत पिळू नये. खायच्या चुन्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं, ते पानवाल्यालाच ठाऊक.)

ही शस्त्रक्रिया जवळून बघण्यासारखी असते. आधी सगळे पंप बंद. पाणी निश्चल होतं, घरातही शांतता पसरते. सिरिंजला जाड, बोथट सुई. टाकीवाला बाही वर करून हात पाण्यात घालतो तो इतक्या सावकाश, की बघणाऱ्याच्या मानेला रग लागावी. सुई शुंडकांच्या बरोबर वर, स्पर्श न होता. आधी तिच्यातून माशांच्या खाण्याचा एक कण सोडायचा. एप्टेशिया तो घेतो, आनंदाने आणखी उमलतो, तोंड उघडतो. त्याच क्षणी लगद्याचा पांढरा ठिपका तोंडावर, मग आणखी थोडा, वर टोपी बसेल इतका. प्राणी घास समजून तो आत ओढतो आणि स्वतःवरच मिटतो. दहा-पंधरा मिनिटं कुणी हलायचं नाही. मग पंप सुरू.

यशाची चव लागली, की माणसाचा तोल जातो. चुन्याच्या संपृक्त निवळीचा सामू साडेबाराच्या जवळ असतो. टाकीतल्या पाण्याचा सव्वाआठच्या आसपास. म्हणून एका वेळी तीन-चारच एप्टेशिया मारावेत, असं अनुभवी लोक सांगतात. पण रविवार असतो, हात बसलेला असतो आणि पन्नास एप्टेशिया समोर उमललेले असतात. संध्याकाळपर्यंत पाण्याचा सामू चढतो, विरघळलेलं कॅल्शियम पांढरट गाळ होऊन खाली बसू लागतं, टाकी ताकासारखी दिसते आणि मासे वर येऊन धापा टाकतात. एप्टेशिया त्या गढूळ पाण्यातही निवांत असतात. ज्यांना चुना लागला नाही ते, म्हणजे.

बाजारात यासाठी तयार औषधंही मिळतात. रेड सी कंपनीच्या ‘एप्टेशिया-एक्स’चं तत्त्व हेच, की प्राण्याने ते घास समजून गिळावं आणि आतल्या आत संपावं. ते काम करतं. फक्त जे दिसतात त्यांच्यावर. जो खडकाच्या मागच्या बाजूला, स्किमरच्या नळीत, पंपाच्या जाळीत राहतो, त्याच्या तोंडापर्यंत सुई नेणार कशी? काहींनी सुपरग्लूने छिद्रच बुजवून पाहिलं. खडक आतून जाळीदार असतो. मालक पुढचं दार बंद करून हात धुतो तोवर भाडेकरू मागच्या दाराने बाहेर पडलेला असतो.

मग येते वीज. एप्टेशियाला टोक लावून विजेचा प्रवाह सोडणाऱ्या कांड्या मिळतात. त्याहूनही पुढे गेलेले लोक निळ्या लेझरने त्यांना जाळतात आणि हा प्रकार बघायला थरारक असतो, यात वाद नाही: एक निळा ठिपका, आणि एप्टेशिया बुडबुडे सोडत आक्रसतो. अडचण अशी, की टाकीला काच असते, काचेवरून किरण परततो आणि त्या ताकदीचा किरण डोळ्यात गेला तर पापणी मिटायच्या आत पडद्याला इजा होते. म्हणून त्या तरंगलांबीचाच खास चष्मा हवा, घरातल्या प्रत्येकाला हवा आणि मांजरालाही हवा. रात्री अकरा वाजता नारिंगी चष्मे लावून अंधारात बसलेलं कुटुंब खिडकीतून दिसलं, तर शेजाऱ्यांनी काय समजायचं?

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचा उपाय तसा नाही. वैतागलेला माणूस शेवटी सगळा खडक बाहेर काढतो आणि म्हणतो, उकळून टाकू. हे कधीही करू नये. खडकावर झोअँथिड नावाचे बटणांएवढे जीव असू शकतात आणि त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. हे विष पहिल्यांदा वेगळं केलं गेलं ते १९७१ मध्ये, हवाई बेटांवरच्या झोअँथिडमधून. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. उकळलं किंवा गरम पाण्याने घासलं, की ते वाफेतून श्वासात जातं. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात दुकानांत आणि घरांत अशी माणसं आजारी पडली, त्याची नोंद अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने केली आहे. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशरमध्ये एका घरात टाकी साफ करताना पूर्ण कुटुंबाला रुग्णालयात न्यावं लागलं, आणि मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही. एप्टेशियासाठी एवढी किंमत मोजायची गरज नाही.

हात टेकल्यावर माणूस काम दुसऱ्यावर सोपवतो. एप्टेशिया खाणारे प्राणी आहेत. ते विकत आणायचे आणि आपण वर्तमानपत्र वाचत बसायचं, अशी ही योजना.

पहिली नेमणूक पेपरमिंट कोळंबीची. अंगावर लाल उभ्या रेघा, वागणं लाजाळू. एप्टेशिया खाते, ही ख्याती खरी आहे. पण या नावाखाली एकच जात विकली जात नाही. शास्त्रज्ञ राइन आणि लिन यांनी २००६ मध्ये हा गुंता तपासला, तेव्हा एका नावाच्या पोटात अनेक जाती निघाल्या. दुकानात मात्र एकच पाटी. कधी कधी तर उंटकोळंबी हीच पेपरमिंट म्हणून पिशवीत येते आणि ती एप्टेशिया सोडून प्रवाळ खाते. योग्य कोळंबी आली तरी ती दिवसा कपारीत, रात्री बाहेर. लहान एप्टेशिया उचलते, मोठ्यांना हात लावत नाही. आणि माशांचं खाणं वेळेवर मिळतंय असं एकदा लक्षात आलं, की तेवढंही करत नाही. तिचं खासगी आयुष्य मात्र भरगच्च असतं. ती आधी नर असते, मग एकाच वेळी नरही आणि मादीही. दोन आणल्या तर काही दिवसांनी दोघींच्याही पोटाखाली अंडी. कामाच्या नावाने शून्य आणि घरात बारशाची गडबड.

मग येतो कॉपरबँड मासा. पांढऱ्या अंगावर तांबूस पट्टे, पाठीच्या पराजवळ खोटा डोळा, आणि तोंड असं लांब निमुळतं, की परमेश्वराने ते एप्टेशियासाठीच घडवलं असावं. हा मासा टाकीत आणल्यावर बहुधा काहीच खात नाही. घरादाराचं लक्ष आता एप्टेशियावरून उडून माशाच्या उपासावर जातं. त्याला उघडे शिंपले देऊन पाहतात, जिवंत किडे देऊन पाहतात. “आज काही घेतलं का त्याने?” हा प्रश्न ऑफिसातून फोन करून विचारला जातो. शेवटी तो खायला लागतो, गोठवलेलं, महागडं खाणं. एप्टेशियाकडे तो क्वचित बघतो. काही कॉपरबँड टाकी आठवड्यात साफ करतात, हेही खरं. ते नेहमी दुसऱ्याच्या टाकीत असतात.

फाइलफिश नावाचा खरबरीत, पानासारखा मासाही आणतात. तो एप्टेशिया आवडीने खातो. संपले, की त्याची नजर प्रवाळांच्या मऊ तोंडांवर जाते. टाकीवाल्याला त्याला दोष देता येत नाही. त्याला कुणी जातिवार यादी दिली नव्हती.

या सगळ्या गर्दीत एकच प्राणी असा, की ज्याच्याबद्दल आदर वाटावा. बर्गिया. कवच नसलेली समुद्री गोगलगाय, दोन-तीन सेंटिमीटरची. फ्लोरिडा कीज या बेटांवरची ही जात २००५ मध्ये आन्हेल वाल्देस यांनी शास्त्रीय नाव देऊन नोंदवली. ती एप्टेशियाच खाते. दुसरं काही नाही. प्रवाळ नाही, शेवाळ नाही, माशांचं खाणं नाही. एप्टेशिया नसेल तर ती उपाशी मरते, पण व्रत मोडत नाही. पाठीवर राखाडी-पांढऱ्या बोटांची झालर असते. ती जवळ येते, अंग आक्रसते, झालर पुढे करते. एप्टेशिया चवताळून पांढरे धागे सोडतो आणि बर्गिया ते धागे शेवयांसारखे ओढून खाते. त्यातल्या न उडालेल्या दंशपेशी पचवायच्या सोडून ती पाठीवरच्या बोटांच्या टोकांना साठवते. शत्रूचा दारूगोळा, स्वतःच्या गढीत.

मग अडचण काय? अडचण ती दिसत नाही, ही. बर्गिया रात्री हिंडते. टाकीवाला सात-आठ जणी मोठ्या किमतीला आणतो, दिवे मालवून कपारीत सोडतो आणि त्यानंतर कित्येक आठवडे त्याला त्यातली एकही दिसत नाही. तो रात्री दोन वाजता लाल दिव्याची बॅटरी घेऊन उठतो. एप्टेशिया आहेत तिथेच असतात, किंबहुना वाढलेले दिसतात. घरात हळूच विचारलं जातं, “गेल्या का हो त्या?” तो ठाम नाही म्हणतो, स्वतःवर विश्वास नसताना. काही घरांत त्या खरोखर गेलेल्या असतात. कारण आधी आणलेल्या पेपरमिंट कोळंबीने एप्टेशियाकडे जे लक्ष दिलं नाही, ते बर्गियाकडे दिलेलं असतं. पहिल्या फौजेने दुसरी फौज खाल्ली. एप्टेशियाने फक्त बघितलं.

पण जिथे त्या टिकतात तिथे काचेवर एके दिवशी पांढऱ्या दोऱ्याचं मळसूत्र चिकटलेलं दिसतं. अंडी. बर्गियाही नर-मादी दोन्ही असतात, त्यामुळे कुणीही दोघी भेटल्या तरी काम होतं. संख्या वाढते आणि मग काही आठवड्यांत खडक असा साफ होतो, की टाकीवाल्याचा डोळ्यांवर विश्वास बसत नाही. सगळे एप्टेशिया संपले म्हणजे बर्गियाचं अन्न संपलं. त्या एकेक करून मरतात. शेवटची बर्गिया मेल्यावर काही दिवसांनी, पाणी बाहेर नेणाऱ्या नळीच्या वळणात, जिथे कुणी पोहोचलंच नव्हतं, तिथे टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी तपकिरी उघडतं.

हे चाललेलं असताना जगाच्या दुसऱ्या कोपऱ्यात वेगळाच संसार चालू असतो. प्रवाळ समुद्रात पांढरे का पडतात, पाणी तापलं की त्यांच्यातली शैवालं घर सोडून का जातात, हे शास्त्रज्ञांना शोधायचं आहे. प्रवाळ सावकाश वाढतात, सांगाडा आड येतो आणि मरायला त्यांना निमित्त पुरतं. म्हणून २००८ मध्ये काही संशोधकांनी एका लेखात सुचवलं, की प्रयोगासाठी साधा, भराभर वाढणारा, सहसा न मरणारा नातेवाईक वापरावा. उमेदवार कोण, हे टाकीवाल्यांना विचारलं असतं तर त्यांनी दातओठ खात सांगितलं असतं. स्टॅनफर्डच्या जॉन प्रिंगल यांची कारकीर्द यीस्टवर घडली होती. तेही एप्टेशियाकडे वळले. तांबड्या समुद्राच्या काठावरच्या सौदी विद्यापीठातल्या संशोधकांनी इतरांबरोबर त्याचा जनुकसंच वाचून २०१५ मध्ये प्रसिद्ध केला, सुमारे २६ कोटी अक्षरांचा. जगभरच्या प्रयोगशाळांत ‘सीसी७’ नावाची एकाच जिवापासून वाढवलेली प्रजा ठेवतात. त्यांना आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाची ताजी पिल्लं भरवतात, तापमान सांभाळतात, पाणी बदलतात. शैवालं काढून टाकायची असतील तर चुना, लेझर असलं काही नाही, मेंथॉल. सर्दी झालेल्या माणसाला देतात ते. टाकीवाल्याने हे वाचलं की तो बराच वेळ गप्प राहतो.

आणि कधी कधी तो स्वतःच त्या बाजूला जातो. बर्गियाने टाकी एकदा साफ केलेली असते, तिची किंमत त्याच्या लक्षात असते आणि काचेवर अंड्यांची मळसूत्रं अजून असतात. तो हिशेब करतो: याच पिल्लांची पैदास करून विकली तर? पिल्लांना खायला काय लागतं? एप्टेशिया. रोज, भरपूर. शिवाय पिल्लं बारीक, म्हणून एप्टेशियाही बारीक हवेत. बर्गिया वाढवणाऱ्या प्रत्येकाचं दुखणं हेच: गोगलगायी पटापट वाढतात, एप्टेशिया पुरत नाहीत. मग गॅलरीत दुसरी टाकी येते, तिच्यावर दिवा लागतो, तिच्यात जास्तीचं खाणं टाकलं जातं. नवा हौशी मित्र खडकावरच्या पहिल्या तपकिरी फुलाचा फोटो घाबरून पाठवतो, तेव्हा हा त्याला ताबडतोब फोन करतो.

“मारू नकोस. चुना तर अजिबात लावू नकोस. किती आहेत?”

“दोन-तीन असतील. का रे?”

“आठवडाभर थांब. वाढू देत. मी डबा घेऊन येतो.”